मुखेडमार्गे व्हर्नात्सा

लातूर जिल्हा झाला तेव्हा रामकिशन सोनकांबळेनं स्वतःच्या हातानं एक फॉर्म भरला आणि आपल्या संसाराच्या मधोमध जिल्ह्याची हद्द ओढून घेतली.

त्याचं झालं असं. रामकिशन नांदेडला सरकारी कारकून होता. त्याची बायको तारामती मुखेडजवळच्या एका गावात शाळेवर बाई होती. नवा जिल्हा होणार म्हटल्यावर कोणता तालुका कुणाकडे जाणार, याची चर्चा प्रत्येक हॉटेलात सुरू झाली, आणि हॉटेलातल्या चर्चेत मुखेड केव्हाच लातूरला जाऊन पोचलं होतं. एका हॉटेलवाल्यानं तर सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर नव्या जिल्ह्याचा नकाशा काढून दाखवला. नकाशा चांगला होता. रामकिशन भूगोलाचा बी.ए. असल्यामुळं त्याला तो पटलाही. नव्या जिल्ह्यात जायला कोण राजी आहे, असं सरकारनं लेखी विचारलं तेव्हा त्यानं विचार केला, मुखेड लातूरला चाललंच आहे, तर आपणही लातूर घ्यावं. नवरा-बायको एका जिल्ह्यात आले की बदलीला हक्काचं कारण मिळतं. त्यानं विकल्प भरून दिला. मग राजपत्र आलं. मुखेड जागचं हललं नव्हतं. हलला होता तो रामकिशन.

तरी पहिली दोन वर्षं बरी गेली. शनिवारी लातूरहून एसटी धरायची, अहमदपूर, जांब करत दिवेलागणीला मुखेड गाठायचं, रविवारी परत फिरायचं. तिसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. पाऊस न आल्यामुळं बऱ्याच गोष्टी आल्या: टंचाई, टंचाईची पथकं, पथकांना बसायला कार्यालयं. रामकिशनला अशाच एका पथकात टाकलं. पथकाचं कार्यालय एका डाळमिलच्या माडीवर होतं, त्यामुळं सगळ्या फायलींवर तुरीचा पिवळा भुसा बसलेला असे. आणि पहिला हुकूम निघाला तो असा की टंचाई संपेपर्यंत कुणीही मुख्यालय सोडू नये, रविवारीसुद्धा. तारामतीनं यावं, तर तिच्याजवळ रामकिशनची आई, सरजाबाई. म्हातारीला दिसायचं कमी, आणि गावात पाण्याचा टँकर यायचा नेमका रविवारी. घागरीपाशी माणूस उभं नसलं की आठवडाभर घरात पाणी नाही. असं करता करता डिसेंबरपासून नवरा-बायकोची गाठ नव्हती.

रामकिशनचं काम दौरा कार्यक्रम टाईप करण्याचं. पथकाचे साहेब किती वाजता कुठून निघणार, कुठं पोचणार, तिथं काय बघणार, हे सगळं तो आदल्या दिवशी कागदावर घडवून आणायचा. सरकारी दौऱ्यात कुणी जात नाही आणि येत नाही. तिथं 'प्रयाण' असतं आणि 'आगमन' असतं. मधल्या वेळात 'पाहणी' किंवा 'चर्चा' असते, आणि जेवून झोपायचं असलं की 'राखीव'.

जानेवारीत बोअर पाडायची परदेशी मशीन आली आणि तिच्याबरोबर इटलीचा एक इंजिनिअर आला. इंग्रजी येतं म्हणून रामकिशनला त्याच्या दिमतीला दिलं. साहेबानं अकरा दिवसांत चौदा ठिकाणी भोकं पाडली. बारांतून धूळ निघाली, एकातून ओल निघाली, आणि एकातून जे निघालं ते अहवालात 'समाधानकारक' म्हणून लिहिलं आहे. संध्याकाळी विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून साहेब आपल्या मुलुखाबद्दल सांगे. त्याचं गाव स्पेत्सिया, समुद्राकाठी. तिथून लोक सकाळी रेल्वेनं निघतात. रेल्वे डोंगराच्या पोटातून जाते. बोगदा संपला की समुद्र, परत बोगदा, परत समुद्र. टोकाच्या गावाला उतरायचं आणि बोटीनं एकेक गाव करत परत यायचं.

"एका दिवसात पाच गावं होतात," साहेब म्हणाला.

"आमचे साहेब नऊ करतात," रामकिशन म्हणाला.

जाताना साहेबानं त्याला रेल्वे आणि बोटींच्या वेळांचं एक हातभर घडीचं पुस्तक दिलं. ते मागच्या उन्हाळ्यातलं होतं, पण ज्याला जायचंच नाही त्याला शिळ्या वेळापत्रकाची काय तकलीफ?

त्या आठवड्यात रामकिशननं तारामतीला पत्र लिहायला घेतलं आणि दोन ओळींवर अडला. 'जयभीम. इकडे सर्व ठीक' याच्या पुढं सांगण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते पोस्टकार्डावर लिहिण्यासारखं नव्हतं, कारण पोस्टकार्ड मुखेडचा पोस्टमन वाचायचा आणि गावात सांगायचा. म्हणून त्यानं टाईपरायटरवर कागद चढवला आणि हाताला सवय होती ते टाईप केलं:

'सकाळी ७.१० – स्पेत्सियाहून रेल्वेने प्रयाण. सोबत श्रीमती तारामती सोनकांबळे, सहशिक्षिका. ७.३५ – मॉन्तेरोस्सो आगमन. ७.३५ ते १०.०० – समुद्राची पाहणी. १०.१५ – बोटीने प्रयाण. १०.३० – व्हर्नात्सा आगमन. ११.०० ते ४.०० – राखीव. ४.१० – बोटीने मानारोलाकडे प्रयाण.'

तारामतीचं उत्तर आठव्या दिवशी आलं. शाळेतल्या लाल शाईनं.

'दौरा मिळाला. समुद्राची पाहणी म्हणजे काय? तुम्ही काय त्याचा पंचनामा करणार? समुद्र बघायचा असतो. दुरुस्ती करून पाठवा. अकरा ते चार राखीव ठेवलंय, ते कुठं? भर उन्हात बाईमाणसानं पाच तास राखीव राहायला जागा लागते. आणि तिथं कुणाच्या ओट्यावर बसलं तर उठा म्हणतात का, ते विचारून ठेवा.'

रामकिशननं उलट टपालानं कळवलं की व्हर्नात्साला बंदरापाशीच सावली असते, असं साहेब म्हणाला होता. तिथली बाकं नगरपालिकेची आहेत. नगरपालिकेचं बाक म्हणजे कुणाचंच नाही, त्यामुळं कुणी उठवणार नाही.

मग हे चालूच राहिलं. ती दर आठवड्याला चूक काढायची आणि तो दर आठवड्याला दुरुस्त करायचा. बोटीला आणि रेल्वेला सातच मिनिटं ठेवलीत, माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर काय करू? रामकिशननं वीस मिनिटं ठेवली. आईला बोट लागेल. रामकिशननं आईला स्पेत्सियालाच मुक्कामी ठेवलं. आई रुसली, ती म्हणते मलाही न्या. रामकिशननं आईला खिडकीची जागा दिली. आईला दिसत न्हाई हे विसरलात का? विसरलो नाही, वारा लागेल, असं त्यानं लिहिलं. ह्यावर तारामतीनं लाल शाईनं 'बरोबर' अशी खूण केली. पुस्तकातली पाचही गावं झाली तेव्हा तिनं विचारलं, कोर्निलियाला रेल्वे थांबते आणि बोट का थांबत नाही? त्यानं कळवलं, गाव उंचावर आहे, खाली धक्का नाही. स्टेशनपासूनही पावणेचारशे पायऱ्या आहेत. तिनं लिहिलं, 'मग आधी तिथंच जायचं. आमच्या गावाला एसटी थांबत न्हाई. हात करून करून माझा खांदा दुखून राहिला. तिथल्या बाया काय करतात ते बघू.'

फेब्रुवारीच्या शेवटी घोटाळा झाला. साहेबांच्या दौऱ्याचे कार्यक्रम पाकिटांत भरून सगळ्या तालुक्यांना गेले. भरले रामकिशननंच. त्या दिवशी टेबलावर दोन दौरे होते, आणि डाळमिल चालू असली की माडी अशी हादरायची की टेबलावरचे कागद आपोआप चालत. एका तालुक्याला पान एक, पान तीन, पान चार गेलं, आणि पान दोनच्या जागी इटली गेली.

दुसऱ्या कुठल्या मुलुखात कुणी हसून तो कागद परत पाठवला असता. पण जिल्हा नवीन होता. कोणतं गाव कुणाकडं गेलं याची खात्री कुणालाच नव्हती, आणि 'हे गाव मला माहीत नाही' असं लिहून देणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. त्या वर्षी सोडायला तेवढंच पाणी शिल्लक होतं. म्हणून त्या तालुक्यानं, ज्याचं नाव इथं घेत नाही, रीतसर उत्तर दिलं:

'कार्यक्रमातील पान दोनवरील गावे या तालुक्याच्या यादीत आढळून येत नाहीत. जिल्हा विभाजनाचे वेळी सदर गावे शेजारी राहून गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तसेच बोटीने प्रयाण याबाबत कळविण्यात येते की, तालुक्यातील कोणत्याही तलावात सध्या बोट तरंगण्याइतके पाणी नाही. पर्यायी बैलगाडी तयार ठेवली आहे.'

प्रत शेजारच्या तालुक्याला गेली. शेजाऱ्यानं जुनं उर्दू दप्तर सोडवून पाहिलं आणि कळवलं की मानारोला हे गाव बेचिराग असावं. बेचिराग म्हणजे ज्या गावात दिवा लावायला माणूस उरला नाही, फक्त दप्तरात नाव आहे, असं गाव. व्हर्नात्साचं नशीब जास्त चांगलं निघालं. साहेब ज्या गावी अकरा ते चार थांबतात तिथं टंचाई तीव्र असणार, असा विचार करून कुणीतरी व्हर्नात्सासाठी एका टँकरचा प्रस्ताव पाठवला, आणि तो मंजूर झाला. टँकर रोज सुटायचा. पाणी कोण पीत होतं ते कळलं नाही, पण कुणीतरी प्यायलं एवढं खरं.

मंजुरीची प्रत डाळमिलच्या माडीवर आली तेव्हा कार्यालयाचे अधीक्षक अमृतराव यांनी रामकिशनला बोलावलं. अमृतराव निवृत्तीला आलेले, भला माणूस, पण चष्मा कपाळावर गेला की समजावं, आता खरं नाही. चष्मा कपाळावर होता.

"सोनकांबळे, हे व्हर्नात्सा कुठं आलं?"

"इटलीत, साहेब."

"इटलीत हाय ते मलाबी कळलं. मी नकाशा बघितला. मी इचारून राहिलो, ते माझ्या जावक रजिस्टरात काहून आलं?"

रामकिशननं सगळं सांगितलं. बायकोला पाठवायचा कागद होता, हेही सांगितलं. फक्त बायको कुठं असते ते अमृतरावांनी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

"बायकोला दौरा कार्यक्रम पाठवता?" अमृतरावांनी चष्मा खाली घेतला आणि परत वर केला. "मी तीस वर्षं झाली, बायकोला बाजाराची यादी सोडून काही लिहिलं न्हाई. अन् तुम्ही तिला बोटीत बसवून राहिले! सरकारी कागदावर!"

"चुकलं, साहेब."

"चुकलं म्हणून भागत असतं का? वर जबाब द्यावा लागतो. मी तुम्हाला जळकोटच्या कॅम्पला टाकतो. तिथं लाईट न्हाई, पंखा न्हाई, पेपर दुसऱ्या दिवशी येतो. टंचाई संपेपर्यंत तिथंच मुख्यालय करा. मग कळंल बोट कशी असते ती."

रामकिशन खाली बघत उभा राहिला. अमृतरावांना वाटलं, माणूस खचला. प्रत्यक्षात तो हिशेब करत होता. जळकोट लातूर जिल्ह्यात, पण पार कडेला, हद्दीला टेकून. तिथून मुखेड म्हणजे तासाभराची एसटी. रात्री कॅम्पावर कोण आहे हे बघायला कुणी येणार नव्हतं. सकाळी जायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. शनिवारी नाही, महिन्यानं नाही. रोज.

त्यानं त्याच दिवशी तारामतीला लिहिलं. या खेपेला दौरा नव्हता. एकच ओळ होती: 'मला शिक्षा झाली आहे. जळकोट.'

उत्तर चौथ्या दिवशी आलं. 'आईनं दोनदा वाचून घेतलं. दाराला आतून कडी नव्हती, तुम्हाला माहीतच आहे, लाकूड फुगून निघून गेली होती. आज सुतार बोलावून बसवून घेतली. शरमेनं त्याला सांगितलं, कुत्रं येतं.' लाल शाई नव्हती. निळी होती.

आणि इकडं कार्यालयाला रामकिशनची दया आली.

आवक-जावक बघणाऱ्या नीलाबाईंनी पुढाकार घेतला. जळकोटला ह्या दिवसांत गेलेला मागचा कारकून कावीळ घेऊन परत आला होता. नीलाबाईंनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या, ड्रायव्हर शरणप्पाचीसुद्धा, आणि अर्ज अमृतरावांपुढं ठेवला. रामकिशनला कळलं तेव्हा तो धावत त्यांच्या टेबलापाशी गेला.

"नीलाबाई, हे काहून केलं? मी जातो ना. मला जाऊ द्या."

"भाऊ, उगं मन मोठं करू नका. आम्हाला दिसत न्हाई व्हय, हप्ता झाला तुम्ही जेवून न्हाई राहिले धड." त्याच्या हातावर त्यांनी आपल्या डब्यातली दशमी ठेवली. "खावा. साहेब ऐकतात."

साहेबांनी ऐकलं होतं. माफीचा कागद टाईप होऊन त्यांच्यापुढं होता, फक्त सही राहिली होती. रामकिशन आत गेला.

"साहेब, माफी नको. मला जळकोटला पाठवा."

"राग धरू नका हो, सोनकांबळे. बोललो मी त्या दिवशी. तोंडाला येतं ते बोलतो, मनात काही नसतं."

"राग न्हाई, साहेब. खरंच जायचंय."

"काहून?"

इथं रामकिशननं काहीही सांगायला हवं होतं. जळकोटची हवा मानवते, तिथं मामा आहे, बुद्धविहाराचं बांधकाम काढलंय. पण दोन महिने बायकोला खोट्या दौऱ्यांच्या खऱ्या वेळा कळवणाऱ्या माणसाला ऐन वेळी एक खोटं सुचलं नाही.

"माझी बायको मुखेडजवळ शाळेवर हाय, साहेब. जळकोटहून रोज घरी जाता येतं."

अमृतरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी चष्मा काढूनच ठेवला.

"हे सांगायचं कशाला? दुसरं काही सांगितलं असतं तर गप सही केली असती मी." ते म्हणाले. "आता मला माहीत झालं. शिक्षेची बदली सोयीच्या जागी दिली, असं उद्या कुणी वर लिहिलं तर मी काय सांगू? शिक्षा म्हणून द्यायची तर तुम्हाला तिथं तरास व्हायला पाहिजे. सोय म्हणून द्यायची तर तुमचा विनंती अर्ज पाहिजे. अन् विनंती बदल्या टंचाई संपेपर्यंत बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे माफ केलं तुम्हाला." त्यांनी सही केली. "एक करतो. ह्या रविवारी मुख्यालय सोडायची तोंडी परवानगी. संध्याकाळी हजर व्हा. कुठं गेला होता, ते मला सांगू नका. मला काही सांगतच जाऊ नका तुम्ही."

संध्याकाळच्या आत लातूर-मुखेड जाऊन येणं होत नव्हतं. त्या आठवड्यात तारामतीच्या गावचा टँकर शुक्रवारीच येऊन गेला होता. म्हणून ती निघाली तिकडून आणि हा निघाला इकडून, आणि दोघं अहमदपूरच्या बसस्टँडवर भेटले. तिची परतीची गाडी दीड तासानं होती. तीन महिन्यांनी ती त्याला समोर दिसली तेव्हा रामकिशनला पहिलं काय वाटलं असेल, तर ही पत्रातल्यापेक्षा बुटकी आहे. ती वाळली होती. खांद्यावर पदर घट्ट ओढून ती बाकावर बसली आणि त्यानं माफीचा कागद तिच्या हातात दिला.

तिनं शाळेतल्या बाईंसारखा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"शुद्धलेखन बरोबर हाय," ती म्हणाली.

"मीच टाईप केलं. दुसरं कोण करणार?"

"तुम्ही तुमचीच माफी टाईप केली?"

"हाव."

ती हसली. हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला, आणि बराच वेळ तो काढलाच नाही. रामकिशन समोरच्या फलाटावरच्या पाटीकडं बघत राहिला. त्यानं पाटी तीनदा वाचली. देगलूर, उदगीर, मुखेड.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "साहेबाला सांगायची काय घाई झाली होती तुम्हाला? खोटं बोलता येत न्हाई तर गप बसता येतं की न्हाई माणसाला?"

"त्यांनी काहून म्हणून विचारलं."

"माणसं विचारतातच. मला सुतारानं विचारलं, कडी आतून कशाला. मी सांगितलं का?"

रामकिशन उठला. त्यानं शेंगा आणल्या. दोघांनी खाल्ल्या. आई कशी आहे, ते झालं. शाळेत पोरं किती येतात, ते झालं. पाण्याच्या पाळीमुळं निम्मी येतात. पुढं बोलायचं म्हटलं की फक्त इटली होती, आणि तिचं नाव दोघांपैकी कुणी काढेना.

"पेन हाय का?" तारामतीनं विचारलं.

"हाय."

"लिवा. कागदाच्या मागच्या बाजूला लिवा, चालतंय." तिनं माफीचा कागद उलटा करून त्याच्या मांडीवर ठेवला. "तुम्ही जळकोटला आहात. कालपासून. लिवा. सकाळी सहा, उठणे."

रामकिशननं तिच्याकडं बघितलं. ती शेंगांची टरफलं गोळा करत होती. त्यानं लिहिलं.

"सव्वासहा, चहा. चहा तुम्ही करायचा. मी तोवर पाणी भरते. साडेसहा, आईला न्हाऊ घालणे."

"रोज?"

"हप्त्यातून एकदा. पाणी कुठंय रोज. सात, भाकरी. मी भाकरी करताना तुम्ही चुलीपाशी बसायचं. काही करायचं न्हाई, नुसतं बसायचं. लिवलं?"

"काय लिहू? नुसतं बसणे?"

"हाव. नुसतं बसणे. आठला तुमची जळकोटची गाडी. दहाला माझी शाळा. संध्याकाळी साडेसहाला तुम्ही येता. आल्यावर कुणाशी बोलत बाहेर उभं राहायचं न्हाई. आत यायचं."

तो लिहीत गेला. साडेसहा ते आठचं ती काहीच बोलली नाही, आणि त्यानं विचारलं नाही. आठ, जेवण. नऊ, आईचे पाय चेपणे; एक दिवस तुम्ही, एक दिवस मी. दोघांना हा दौरा फार अवघड गेला. व्हर्नात्साची बोट हुकली तर दुसरी होती, मागच्या उन्हाळ्याची का होईना, पण वेळ छापलेली होती. ह्याच्या वेळा कुठल्या पुस्तकात नव्हत्या.

मुखेडची गाडी लागली. तारामती उठली, टरफलं कोपऱ्यात टाकून आली, आणि त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा तुरीचा भुसा दोन बोटांनी झटकला. कंडक्टरनं घंटी मारली. ती चढली आणि खिडकीपाशी जागा मिळवून बसली. गाडी हलता हलता तिनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

"अहो! सहा नको, साडेपाच करा!"

"काहून?"

"आठच्या गाडीआधी वेळ पुरायचा न्हाई!"

"पुरतो! मी दोन तास ठेवलेत!"

"न्हाई पुरत! मला माहीत हाय ना!"

गाडी स्टँडबाहेर वळली. पुढचं काही ती बोलली असेल, तर ते ऐकू आलं नाही. रामकिशन बाकावर बसला, कागद मांडीवर सरळ केला, सहावर एक रेघ ओढली आणि वर साडेपाच लिहिलं. सरकारी कागदावर खाडाखोड केली की तिथं सही करावी लागते. त्यानं केली.